कुंझुमच्या पाच किलोमीटर अलीकडून परत: कोल्हापूरच्या तिघांची स्पिती सायकल टूर

पार्श्वभूमी

आम्ही तिघं कोल्हापूरचे. नावं देत नाही आणि वर्षही मुद्दाम सांगत नाही, कारण तिघांपैकी एकाच्या आईला तो दिवस परत आठवायला नको आहे. काका ५९ वर्षांचे, शाळेत पीटीचे सर होते. मी ४१, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आणि धाकटा २४ वर्षांचा, तालमीत वाढलेला, पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार पिऊन मग व्यायामाला जाणारा पोरगा. मला दादा म्हणतो, काकांना आम्ही दोघंही काकाच म्हणतो.

तयारी म्हणाल तर पायांची चांगली झाली होती. दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा, महिन्यातून एकदा गगनबावडा किंवा आंबा घाट करून त्याच दिवशी परत, असं आठ महिने चाललं. पण पन्हाळा हजार मीटरच्या आतच आहे आणि अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे उंचीची सवय आपल्याकडं कितीही घाट मारले तरी होत नाही, आणि थंडीचं तर नावच नको, कोल्हापुरात १२-१३ डिग्री झालं की आपण रंकाळ्यावर स्वेटर घालून फिरतो.

प्लॅन होता शिमला ते मनाली, किन्नौर आणि स्पितीतून. नारकंडा, रामपूर, टापरी, कल्पा, पूह, नाको, ताबो, काझा, लोसर, मग 'कुंझुम ला' म्हणजे कुंझुमची खिंड ओलांडून छत्रू, ग्राम्फू आणि मनाली. १४ दिवस, त्यात कल्पाला एक आणि काझाला एक असे दोन आरामाचे दिवस. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्पिती म्हणजे हिमालयाच्या मागच्या बाजूचा पर्जन्यछायेतला प्रदेश. गगनबावड्याला पाऊस कोसळतो आणि आटपाडी-जत कोरडं राहतं, तोच प्रकार पण लई मोठ्या मापाचा. झाड दिसत नाही, वारा अडवायला काही नाही, आणि दुपारनंतर दरीतून जो वारा सुटतो त्यात सपाट रस्त्यावरही सायकल ढकलल्यासारखी चालते.

आता तारखांचं सांगतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथंच आहे. काका दसऱ्याआधी कोल्हापूर सोडणार नाहीत, दसरा चौकातलं सोनं लुटायला ते लहानपणापासून एकदाही चुकलेले नाहीत. आणि दिवाळीला तिघांनाही घरी असायला पाहिजे होतं, मला तर दुकानाच्या पूजेसाठी. दसरा ते दिवाळी वीस दिवस. त्यातले दोन जायला, दोन यायला, सोळा राहिले, त्यात १४ दिवसांची टूर. कोल्हापूरहून दिल्लीला थेट निजामुद्दीन एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच, तिचं येतानाचं तिकीट आम्ही जायच्या आधी दोन महिने काढून ठेवलं आणि सगळे खूश झालो की कन्फर्म आहे. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की कुंझुम साधारण ऑक्टोबरच्या शेवटाकडं बर्फानं बंद होतो आणि आपण तिथं नेमके अशा दिवसांत पोचणार की एक दिवस जरी मागं पडलो तर सगळा खेळ बिघडणार.

पहिला निर्णय: कल्पाचा आराम कापला

रामपूरच्या पुढं सतलजच्या काठानं जाताना दरड पडून रस्ता बंद झाला. किन्नौरात हे नेहमीचं, तिथले लोक गाडी बंद करून शांत बसतात. आम्ही पाच-सहा तास थांबलो, अंधार पडला, वाटेतल्या एका ढाब्यावरच झोपलो. एक दिवस गेला.

कल्पाला पोचल्यावर संध्याकाळी तिघं बसलो. समोर किन्नर कैलास, हातात चहा, अंगात ताकद, आणि मीच म्हणालो की आपण दमलेलो नाही तर उद्याचा आराम कशाला, निघूया, म्हणजे गेलेला दिवस भरून निघेल. काका काहीच बोलले नाहीत. धाकटा तर लगेच तयार.

आता इथं चूक काय झाली ते नीट सांगतो. आरामाचा दिवस पायांसाठी नव्हताच, तो रक्तासाठी होता, म्हणजे अंगाला कमी ऑक्सिजनची सवय व्हायला. ३,००० मीटरच्या वर गेलं की रोजची झोपायची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जागेवरच करावा, हा नियम आम्हाला पाठ होता, वहीत लिहिलेला होता. पण कल्पा ३,००० च्या जरा खालीच, म्हणून वाटलं की नियम अजून लागूच होत नाही. पुढच्या रात्री पूहला झोपलो, ते कल्पापेक्षाही खाली, साधारण २,६५०. आणि त्याच्या पुढच्या दिवशी खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तो संगम बघून 'का' नावाच्या गावाजवळची ती एकावर एक वळणं चढत नाकोला गेलो, ते साडेतीन हजाराच्या वर. म्हणजे एका रात्रीत झोपायची उंची हजार मीटरनं वाढली. वहीतला नियम दुपटीनं मोडला आणि आम्ही त्या रात्री नाकोच्या तळ्याकाठी फोटो काढत होतो.

धाकट्याचं डोकं तिथंच दुखायला लागलं. जेवला नाही. म्हणाला ऊन लागलंय. मी पण मानलं, कारण ऊन खरंच कडक होतं. नियम असा आहे की उंचीवर डोकं दुखलं आणि त्यासोबत मळमळ, भूक नसणं, चक्कर यातलं काही असलं तर उलटं सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच धरायचं. आम्ही त्याला एक गोळी देऊन झोपवलं. दुसऱ्या दिवशी ताबोला उतरलो, ते ३,२८० मीटर, तिथं त्याला बरं वाटलं आणि विषय मिटला. ९९६ साली बांधलेला ताबोचा गोंपा म्हणजे बौद्ध मठ बघितला, आतल्या मातीच्या मूर्ती आणि भिंतीवरची चित्रं बघून काका अर्धा तास नुसते उभे राहिले. त्या दिवशी असं वाटलं की सगळं परत रुळावर आलं.

अडचण

काझाला पोचलो त्या संध्याकाळी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजोबांनी आभाळाकडं बघून सांगितलं की दोन-तीन दिवसांत बर्फ येणार. मोबाईलवरचा अंदाज पण तेच सांगत होता, परवा रात्रीपासून. आमच्या हातात म्हणजे एकच दिवस लोसरला जायला आणि दुसरा दिवस कुंझुम ओलांडायला. काझाचा आराम घेतला तर कुंझुम गेला.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. काझा ते लोसर साधारण ५८ किमी, लोसर चार हजार मीटरच्या आसपास. लोसर ते कुंझुम टॉप १८-१९ किमी, टॉप साडेचार हजाराच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात कोल्हापूरच्या मानानं अर्ध्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन. टॉपनंतर बातलपर्यंत बारा-एक किमीचा उतार, तोही दगडगोट्यांचा. आणि बातलनंतर छत्रूपर्यंत चंद्रा नदीच्या काठचा तीसेक किलोमीटरचा जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणणंच धाडस आहे. काझात सरकारी दवाखाना आहे. लोसरच्या पुढं थेट पलीकडच्या लाहौलच्या गावांपर्यंत ना दवाखाना, ना फोनला रेंज.

कोणते पर्याय होते

त्या रात्री जेवताना चार गोष्टी बोललो. एक, इथूनच मागं फिरायचं, सकाळच्या बसनं रेकाँग पिओ आणि तिथून शिमला, सायकली बसच्या टपावर. यात तिकीट, दिवाळी, जीव सगळं सुरक्षित, पण टूर अर्धी. दोन, काझात थांबून बर्फ पडू द्यायचा आणि रस्ता मोकळा होतोय का बघायचं, पण त्या महिन्यात कुंझुम एकदा बंद झाला तर उघडेल याची खात्री कुणी देत नाही, कधीकधी तो थेट पुढच्या उन्हाळ्यातच उघडतो. तीन, पिकअप करून सायकलींसकट कुंझुम ओलांडायचा आणि पलीकडून परत सायकल चालवायची. चार, उद्याच लोसर आणि परवा कुंझुम, बर्फाच्या आधी.

तिसरा पर्याय आजही मला सगळ्यात शहाणा वाटतो. पिकअपवाला तयार होता, पैसे तिघांत वाटले तर जमण्यासारखे होते. पण त्यावर दोन मिनिटंसुद्धा बोललो नाही, कारण धाकटा म्हणाला, "दादा, गाडीत बसून जायचं असतं तर आठ महिने पन्हाळा कशाला चढलो?" आणि मला त्याचं पटलं. ते पटायला नको होतं. पण त्या क्षणी पटलं.

काकांनी मात्र चौथ्या पर्यायाला अटी घातल्या आणि त्या अटींनीच पुढं आम्हाला वाचवलं. लोसरहून सकाळी सहाला निघायचं. दुपारी बाराला टॉपवर नसलो तर कुठंही असू, तिथून परत. आणि तिघांपैकी एकाला जरी काही झालं तरी तिघंही परत, त्यावर चर्चा नाही. त्यांनी हे आमच्याकडून वदवून घेतलं, शाळेत मॅचच्या आधी पोरांकडून वदवून घेत असतील तसं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर लावून बघितला, काकांचा ८९ टक्के, माझा ८७, धाकट्याचा ८४. त्याचा कमी दिसतोय हे तिघांनीही बघितलं आणि तिघंही गप्प बसलो.

लोसरची रात्र आणि सकाळ

लोसरला जाताना दोन ठिकाणी रस्त्यावरून वाहणारं पाणी ओलांडावं लागलं. मला वाटलं बूट कोरडे राहिले म्हणजे झालं. पण पाणी धाकट्याच्या सायकलच्या गिअर केबलच्या आऊटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, शिरलं होतं आणि ते रात्रीत गोठलं. थर्मामीटर पहाटे उणे ९ दाखवत होता. सकाळी सहाला निघायचं ठरलेलं, पण गिअर हलेना, ब्रेकची केबल आखडलेली, बाटल्यांतलं पाणी गोठलेलं. गरम पाण्याचं फडकं धरून केबल मोकळी करायला आणि चहा होईपर्यंत थांबायला आठ वाजले. तिथंच दोन तास गेले, आणि बारा वाजताची अट मात्र बाराचीच राहिली.

बाटल्यांचं एक सांगतो, कुणाला उपयोग होईल म्हणून. बर्फ वरून धरतो, त्यामुळं बाटली उलटी ठेवली तर तोंड मोकळं राहतं. आम्हाला हे तिथल्या बाईंनी शिकवलं. आणि पॉवर बँक, मोबाईल, टॉर्चचे सेल रात्री झोपताना अंथरुणात घेऊन झोपायचं, नाहीतर थंडीत ८० टक्के दाखवणारा मोबाईल फोटो काढता काढता बंद पडतो.

चढ सुरू झाल्यावर धाकटा पुढं. तरुण पोरगा, ताकद आहे, सकाळचे गेलेले दोन तास भरून काढायचे आहेत, तो जोरात मारत होता. आत कॉटनचा बनियन, त्यावर थर्मल, त्यावर स्वेटर आणि वरून पावसाचं जॅकेट चेनपर्यंत बंद. मी मागून ओरडलो की जॅकेट उघड, घाम येईल, तर म्हणाला थंडी वाजत्या. खरी गोष्ट अशी की चढावर सुरुवातीची दहा मिनिटं थंडी वाजलीच पाहिजे. निघताना अंगाला उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत असं समजायचं. तो आतून पूर्ण भिजला, आणि कॉटन एकदा भिजलं की वाळत नाही, अंगाची उष्णता ओढत राहतं. आपल्याकडं पावसात आंबा घाटात भिजून शंभर किलोमीटर मारलेत त्यानं, म्हणून भिजण्याची भीतीच नव्हती. तिथं पाऊस २४ डिग्रीचा असतो हा फरक त्याच्या लक्षात आला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघांनीही तो त्याला कधी समजावून सांगितला नव्हता.

सव्वाअकराला त्याचं मागचं चाक पंक्चर झालं. टॉप अजून पाच किमी होता. वारा समोरून, आणि आभाळ मनालीच्या बाजूनं काळं होत आलेलं.

निर्णयाचा क्षण

ट्यूब बदलायला घरी आम्हाला सहा मिनिटं लागतात. तिथं पंचवीस लागली. जाड हातमोजे घालून टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, धरता येत नाही, काढले तर बोटं मिनिटात बधिर. धाकट्यानं मोजे काढून काम केलं, आम्ही आळीपाळीनं. पंप मारताना त्याच्या हातातून पंप दोनदा पडला. मी उचलून दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा काकांनी माझ्याकडं बघितलं.

काकांनी त्याला जॅकेटची चेन लावायला सांगितली. त्याला जमेना. तो चेनकडं बघत होता, बोटं तिथंपर्यंत नेत होता आणि पकड येत नव्हती. थरथर जोरात. काकांनी विचारलं, "आज वार कुठला रं?" तर तो म्हणाला, "लावतो, लावतो." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि सुरुवात अशीच होते, हात चुकतात, पाय अडखळतात, बोलणं जड होतं, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. पण एवढ्या उंचीवर अडचण अशी की मेंदूला सूज आली तरी पहिली लक्षणं जवळपास हीच. तोल जाणं, गोंधळणं. आम्हाला दोन्हीतलं काय आहे हे कळायचा मार्ग नव्हता. ऑक्सिमीटर लावला तर गार बोटावर आधी ६८ दाखवलं, मग रेषा, मग काहीच नाही. गार पडलेल्या बोटात रक्त पुरेसं फिरत नाही, तिथं ते यंत्र भरवशाचं राहत नाही.

घड्याळात अकरा चाळीस. आणि इथं माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. माझ्या मनात आलं की टॉप पाच किलोमीटरवर आहे आणि लोसर तेरा-चौदा किलोमीटर मागं, म्हणजे पुढं जाणंच जवळ. हे मला अगदी बरोबर वाटत होतं. गणितासारखं. मी तोंडानं बोललो पण, "काका, वर गेलो की उतारच आहे."

काका म्हणाले, "उतारच मारंल त्याला."

आणि तेच खरं होतं. चढावर माणूस स्वतः उष्णता तयार करतो. उतारावर पाय थांबतात आणि वारा वाढतो. बाहेर उणे ५ असेल आणि तुम्ही ताशी ३० नं उतरत असाल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. बातलला ढाबा आहे, पण सीझन संपत आल्यावर तो उघडा असेल का हे कुणाला माहीत. मागं मात्र लोसरला उघडं घर होतं, पेटलेली शेगडी होती, आणि सकाळी आम्हाला चहा देणारी माणसं होती. आजार कुठलाही असो, उपाय एकच होता, खाली आणि उबेत.

बारा वाजायला वीस मिनिटं बाकी असताना परत फिरायचं ठरलं. वदवून घेतलेलं होतं, म्हणून वाद झाला नाही. वाद झाला असता तर मी जिंकलो असतो असं मला वाटतं, आणि त्या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

काय काय केलं

लगेच खाली पळालो नाही, हे एक बरोबर केलं. आधी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला नेऊन बसवला, खाली झोपायची मॅट, जमिनीवर नाही. मी आणि काकांनी वाऱ्याकडं पाठ करून त्याला झाकलं आणि वरचे सगळे ओले कपडे काढले. उणे तापमानात माणसाला उघडा करायला धीर होत नाही, पण ओलं अंगावर ठेवून वरून दहा कपडे घातले तरी उपयोग नाही. काकांचा जादा लोकरी बनियन, माझं जादा थर्मल, त्यावर डाऊन जॅकेट, कानटोपी, स्लीपिंग बॅग खांद्यावरून. हात चोळले नाहीत, बोटं त्याच्याच काखेत घालायला लावली. थर्मासमधल्या कोमट पाण्यात गूळ विरघळवून घोट घोट दिलं, पण तो नीट गिळतोय हे बघून मगच. शेंगदाण्याचे लाडू खिशात आत ठेवले होते म्हणून मऊ होते, बाहेर कॅरिअरला लावलेल्या पिशवीतली चिक्की तर दातानं तुटत नव्हती.

वीस मिनिटांनी त्यानं स्वतःहून वार सांगितला. बरोबर सांगितला. काका उठून दगडाच्या पलीकडं गेले आणि थोड्या वेळानं परत आले, डोळे पुसलेले दिसत होते.

मग सायकलवर बसवलं नाही. चालत निघालो, सायकली हातात धरून, त्याची सायकल मी माझ्यासोबत ढकलत. चाललं की अंगात ऊब तयार होते आणि वारा कमी लागतो. वाटेत त्याला सरळ रेषेत टाचेला पंजा लावत चालायला लावलं, हे काकांना कुठल्यातरी ट्रेकवाल्यानं शिकवलेलं. तोल गेला नाही. तेव्हा वाटलं की मेंदूचं नाही, थंडीचंच आहे. बर्फाचे बारीक दाणे तोंडावर टोचायला लागले होते.

तीन-एक किमी चालल्यावर वरून रस्त्याच्या कामाची एक पिकअप आली. मागं सामान गच्च, पुढं केबिनमध्ये एकाचीच जागा. आम्ही धाकट्याला बसवलं, त्याची सायकल सामानावर बांधली, ड्रायव्हरला लोसरच्या घराचं नाव सांगितलं आणि हीटर चालू ठेवायला सांगितलं. गाडी गेली. मी आणि काका सायकलवर मागून, हातमोज्यांवरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, दर दोन किलोमीटरला उतरून चालत.

निष्पत्ती

आम्ही पोचलो तेव्हा धाकटा शेगडीजवळ बसून थुकपा, म्हणजे तिथलं नूडल्सचं गरम सूप, पीत होता आणि आम्हाला बघून रडायला लागला. संध्याकाळपर्यंत नीट बोलत-चालत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली, ती उबेत आल्यावर खूप दुखली, आणि पुढं तीन आठवडे तिथं मुंग्या येत होत्या. कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं, कायमचं काही नाही म्हणाले.

त्या रात्री बर्फ पडला. सकाळी लोसरच्या अंगणात सायकली अर्ध्या चाकापर्यंत गाडलेल्या होत्या, आणि कुंझुम बंद झाल्याचं चेकपोस्टवर कळलं. एक दिवस तिथंच थांबलो. मग काझा, काझाहून बसनं पिओ, पिओहून शिमला. निजामुद्दीनची गाडी हुकली. दिल्लीत दोन दिवस काढून गोवा एक्सप्रेसनं मिरजेला उतरलो. लक्ष्मीपूजन चुकलं, माझ्या दुकानाची पूजा माझ्या बायकोनं केली, पाडव्याला घरी पोचलो. सायकली मालडब्यातून आठ दिवसांनी आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

लोक विचारतात तेव्हा पहिला प्रश्न कपड्यांचा असतो, की कुठलं जॅकेट घ्यावं. मी जॅकेटबद्दल शेवटी बोलतो. आम्ही जर तिकीट काढताना परतीच्या आधी तीन मोकळे दिवस ठेवले असते तर दरडीत गेलेला एक दिवस हा फक्त एक दिवस राहिला असता. कल्पाचा आराम कापला गेला नसता, धाकट्याला नाकोत डोकेदुखी झाली असती तर एक दिवस तिथंच थांबता आलं असतं, काझात आभाळ बघून शांत डोक्यानं पिकअप केली असती. दसरा ते दिवाळी ही वीस दिवसांची खिडकीच या रस्त्यासाठी चुकीची. सप्टेंबरात, गणपती झाल्या झाल्या निघायला पाहिजे होतं, किंवा कुंझुमचा हट्ट सोडून काझापर्यंत जाऊन त्याच रस्त्यानं परत यायचं ठरवायला पाहिजे होतं.

काझातला ८४ हा आकडा. त्यावर गप्प बसणं ही तिघांची चूक आहे, एकट्या त्याची नाही. आकडा एकटा फार काही सांगत नाही, पण नाकोची डोकेदुखी आणि तो आकडा शेजारी ठेवले असते तर काझाचा आराम घेतलाच असता. पोरगा ताकदवान आहे म्हणून आम्ही त्याच्याकडं कमी बघितलं. उंची माणसाची तालीम बघत नाही, उलट तरुण गडी जोरात चढतात, जास्त घामेजतात आणि कुरकुर करत नाहीत. काकांच्या गुडघ्याची आम्ही रोज चौकशी करत होतो. त्याची कुणी केली नाही.

सकाळी आठला निघालो तेव्हाच बाराची अट पाळता येणार नाही हे दिसत होतं. १८ किलोमीटरचा तो चढ चार तासांत, त्या उंचीवर, त्या वाऱ्यात, आमच्यानं होण्यासारखा नव्हता. म्हणजे परत फिरायचा निर्णय लोसरच्या दारातच घेता आला असता. आम्ही "बघू कुठपर्यंत होतंय" म्हणून निघालो.

आता सामानाचं. आल्यावर आम्ही एक केलं जे आधी करायला पाहिजे होतं. काकांच्या ओळखीनं एका डेअरीच्या आईस्क्रीमच्या कोल्ड रूममध्ये, उणे १८ मध्ये, परवानगी काढून दहा-दहा मिनिटं उभं राहून हातमोजे घालून ट्यूब बदलून बघितली. आमच्या तिघांच्याही महागड्या मोज्यांत लिव्हर धरता येत नाही हे तिथं पाच मिनिटांत कळलं. आता आत पातळ लोकरीचे मोजे, ज्यात काम करता येतं, आणि वर मोठे दोनच कप्प्यांचे मोजे, असं ठेवतो. अंगाला लागून कॉटन बिलकुल नाही. एक पूर्ण कोरडा जोड पिशवीत बांधून, जो फक्त थांबल्यावर घालायचा, चालवताना कधीच नाही. कोल्हापूरसारख्या गावात थंडीची प्रॅक्टिस होत नाही असं मी आठ महिने म्हणत होतो, आणि दूध-आईस्क्रीमच्या कोल्ड रूम गावाला लागूनच होत्या.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून एकमत नाही. धाकट्याला पिकअपमध्ये एकट्याला पाठवलं ते. माझं म्हणणं, ते चुकलं. तासाभरापूर्वी ज्याला वार सांगता येत नव्हता त्याला अनोळखी ड्रायव्हरसोबत एकटं सोडायचं नसतं, काकांनी मागं सामानावर बसून का होईना सोबत जायला पाहिजे होतं आणि मी एकटा दोन सायकली घेऊन चालत आलो असतो. काका म्हणतात, ५९ वर्षांचा माणूस उघड्या गाडीत त्या वाऱ्यात तासभर बसला असता तर लोसरला एकाऐवजी दोघांना उतरवावं लागलं असतं, आणि तू एकटा मागं राहिला असतास त्याचं काय. धाकटा म्हणतो, केबिनमध्ये ड्रायव्हरनं त्याला आपली शाल दिली आणि पूर्ण रस्ताभर त्याच्याशी बोलत राहिला, झोपू दिला नाही. तो कोण होता हे आम्ही विचारायचं विसरलो. लोसरच्या घरी दोनदा फोन करून चौकशी केली, त्यांनाही सांगता आलं नाही.